दाजी, चालतच जाऊ!

माझा मेहुणा चेस्टरला राहतो. त्याच्या हिशेबात जगातली कुठलीही गोष्ट दहा मिनिटांवर असते आणि ती दहा मिनिटं चालतच काढायची असतात. त्यामुळे वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर लॅन्डिडनोला आम्ही उतरलो, तेव्हा बायकोनं गाडीतच बूट बदललेले होते. बहीण भावाला ओळखून असते. जावयाला कोण सांगतो!

गाव देखणं आहे, वादच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉस्टिन नावाच्या जमीनदार घराण्यानं ते आखून वसवलं. दोन डोंगरांमध्ये वळणदार किनारा, काठानं रुंद फरसबंदी आणि मागे फिक्या रंगांची हॉटेलं, एकमेकांना चिकटून. एकही इमारत ओळ सोडून पुढे आलेली नाही. आपल्याकडे असती तर एकानं तरी पत्रे टाकून पुढे भजी तळायला घेतली असती.

भर जुलैत बाकांवर म्हातारी मंडळी कोट चढवून, समुद्राकडे तोंड करून बसली होती. पाण्यात कोणी नाही. या बाजूला गोटेच फार. वाळू हवी तर गाव ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर जा. "दाजी, या वाऱ्यानं फुफ्फुसं धुऊन निघतात!" मेहुणा म्हणाला. माझी टोपीही धुऊन निघायला गेली, ती परत आली नाही.

मग पिअर. १८७७ साली खुला झालेला, लोखंडी खांबांवरचा हा धक्का सातशे मीटर समुद्रात घुसतो. वेल्समध्ये एवढा लांब दुसरा नाही. टोकाला पोचलं की समोर समुद्र दिसतो, जो सुरुवातीलाही दिसत होता. मग परत सातशे मीटर. वाटेत व्हिनेगर शिंपडलेले चिप्स घेतले. एका सीगलनं मागून झडप घालून त्यातला सगळ्यात लांब तुकडा नेला. अगदी निवडून. बायको "हाड्!" म्हणून ओरडली, तर तो दुसरा घ्यायला आला.

खरी परीक्षा ग्रेट ऑर्मची. २०७ मीटर उंचीचा हा डोंगर. वर जायला १९०२ पासून ट्राम आहे, जाड तारेनं ओढली जाणारी. "ट्राममधून काय दिसणार?" मेहुणा म्हणाला. मला तर निघायच्या आधीच तिच्यातली रिकामी जागा दिसत होती.

अर्ध्या वाटेवर तांब्याची प्राचीन खाण आहे. कांस्ययुगातल्या माणसांनी दगड आणि हाडं वापरून इथे बोगदे खणले. "नुसत्या हाडांनी, दाजी!" मी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. तेही हाडच, पण खणायच्या लायकीचं उरलं नव्हतं.

पुढच्या वळणावर पांढऱ्या, लांब शिंगांच्या शेळ्या चरत होत्या. काश्मिरी. त्यांचे पूर्वज राणी व्हिक्टोरियाच्या कळपातले. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडल्यावर हा कळप गावात उतरला आणि लोकांची कुंपणं खाऊन गेला. एवढ्या परमुलखात आपल्याकडचं कोणीतरी भेटलं म्हणून मला भरून आलं. त्यातली एक माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली. तिला धाप लागली नव्हती.

शिखरावर चहा झाला आणि बायकोनं भावाला न विचारता ट्रामची तिकिटं काढली. लाकडी बाकावर टेकलो, डोळे मिटले. ट्राम हलली, थोडी घरंगळली आणि मध्येच थांबली. वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र टप्पे आहेत. हाफवे स्टेशनात उतरून दुसऱ्या ट्रामपर्यंत जावं लागतं.

"बघा दाजी," मेहुणा दारातून उडी मारत म्हणाला, "इथेही चालायला मिळतंय!"