केक कापलात, आता शेळीचे पैसे द्या

सकाळी उठून बघते तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. मला वाटलं पाणी गेलं. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडला एवढे मेसेज पाण्याशिवाय दुसऱ्या कशाला येतच नाहीत, टँकर आला का, मोटर कोणी बंद केली, हेच. उघडलं तर ब्रूनोचा वाढदिवस. ब्रूनो म्हणजे सी विंगच्या साहेबांचा कुत्रा. डोक्यावर चमकीची टोपी, समोर हाडाच्या आकाराचा केक, खाली बदाम बदाम बदाम, 'सो क्यूट', 'बाळ मोठं झालं आमचं', आणि कमिटीतल्या एका काकांनी तर 'जीवेत शरदः शतम्' टाकलंय.

शतम्. बरं.

ह्याच ब्रूनोने आषाढात मागच्या पाड्यावरच्या मावशींची गाभण शेळी मारली. ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहितीये. आणि त्या शेळीचा एक रुपया अजून मावशींच्या हातात पडलेला नाही. आधी म्हणाले गणपती होऊ देत. गणपती झाले, गौरी गेल्या, मग म्हणे पितृपक्षात देणंघेणं नको. पितृपक्षात शेळीचे पैसे द्यायचे नसतात पण केक कापलेला चालतो, हे कुठल्या गुरुजींनी सांगितलं ते मला पण कळू दे जरा.

आधीच सांगून टाकते, मला कुत्रे आवडत नाहीत. म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणाला तसा शोध लावायला नको. लिफ्टमध्ये कुत्रा असला तर मी पुढच्या लिफ्टने जाते, विषय संपला. पण ब्रूनोवर माझा राग नाहीये. तो कुत्रा आहे, समोर काहीतरी पळालं की तो त्याच्या मागे जाणार, त्याला काय कळतंय ती कोणाची शेळी आणि कितीची. त्याला नाही कळत म्हणूनच त्याला मालक असतो ना? पट्ट्याचं दुसरं टोक कोणाच्या तरी हातात असायला हवं, एवढीच तर अपेक्षा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते काय झालं. आमच्या मागच्या गेटच्या पलीकडे डोंगर सुरू होतो, येऊरचं जंगल तिथूनच चढतं. पायथ्याला पाडा आहे. आमचे टॉवर कागदावर पण नव्हते तेव्हापासून आहे. मावशी तिथे राहतात आणि आमच्याकडे बी आणि सी विंगमध्ये कामाला येतात. कामावर येताना तांबूला, म्हणजे त्या शेळीला, गवत बघून झाडाला बांधून यायच्या. बांधून. हे लक्षात ठेवा, मी परत परत सांगणार आहे. साहेबांनी ठेवलेला डॉग वॉकर पोरगा ब्रूनोला मागच्या गेटने बाहेर काढतो आणि पट्टा सोडतो. का, तर 'तिकडे कोणी नसतं'. अख्खा पाडा आहे तिकडे, माणसं आहेत, पोरं खेळतात, आणि आमच्यासाठी तिकडे कोणी नसतं!

तांबू पळायला गेली तर दावं झाडाला गुंडाळलं गेलं. पुढचं लिहीत नाही. मावशी तेव्हा सी विंगमध्येच कोणाच्या तरी घरात फरशी पुसत होत्या, फोन आला तशा ओल्या हातानेच धावल्या.

आणि साहेबांचं पहिलं वाक्य काय? 'अहो शेळी मोकळी कशाला सोडायची.' मोकळी! बांधलेली होती ती मेली आणि मोकळा होता तो टोपी घालून केक खातोय.

दुसरं वाक्य, 'पहिल्यांदाच केलं हो त्याने असं.' हे तर सरळसरळ खोटं. होळीच्या सुमारास ह्यानेच मावशींच्या दोन कोंबड्या उचलल्या होत्या, तेव्हा साहेबांनी हसत हसत पाचशेची नोट काढली होती, 'घ्या मावशी, गावठी कोंबडी महाग झालीये आजकाल'. म्हणजे माहीत होतं. आपला कुत्रा काय करतो हे त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी चार महिन्यांनी त्याच गेटबाहेर तोच पट्टा सुटला. माझा दीर ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो, तो म्हणाला वहिनी ह्या कोंबड्याच महत्त्वाच्या आहेत, मालकाला धोका ठाऊक होता हे त्यातून दिसतं. मला वकिली कळत नाही पण एवढं कळतं.

मी मावशींबरोबर पोलीस स्टेशनला गेले होते. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत, पाणी वगैरे दिलं, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि म्हणाले ताई, माणसाला चावला असता तर काहीतरी करता आलं असतं. मला वाटलं टाळतायत. घरी येऊन दिराला विचारलं तर तो म्हणाला बरोबर सांगितलं त्यांनी. नवीन भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, पाळलेल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कधी, तर माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा माणसाला जबर दुखापत होईल असं असेल तर. शेळीच्या जिवाचा त्यात उल्लेख नाही. जनावर मारल्याचं वेगळं कलम आहे, ३२५, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तिथे मालकाला नुकसान करायचंच होतं किंवा ते होणार हे माहीत होतं, असं दाखवावं लागतं. आता साहेब काय म्हणणार, मी तर जिममध्ये होतो. मग उरतो दिवाणी दावा. भरपाई मागता येते, निष्काळजीपणा सिद्ध करा आणि पैसे घ्या. करा म्हणे. चार घरची धुणीभांडी करून कोर्टात तारखा करा.

आणि मला सगळ्यात जास्त कशाचं डोकं फिरलं सांगू? बिबट्याचं. हो, बिबट्या. २०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला होता आठवतंय ना, तसे बिबटे आमच्या मागच्या डोंगरात आहेतच. तांबूला बिबट्याने नेलं असतं तर वनखात्याची माणसं आली असती, पंचनामा झाला असता आणि सरकारने भरपाई दिली असती. मिळते, पाड्यावर पूर्वी मिळालेली आहे. त्या पैशासाठी पण चपला झिजतात, मान्य. पण कोणीतरी येतं, बघतं, लिहून घेतं की हो बाई, तुझं जनावर गेलं. बिबट्याचं घर त्या जंगलात आहे, तो पोट भरायला मारतो, त्याला कोणी आणून ठेवलेलं नाही, तरी त्याच्या वतीने सरकार पैसे भरतं. आणि ज्याला हौसेने आणलाय, ज्याचं महिन्याचं खाणं मावशींच्या एका घरच्या पगाराएवढं आहे, त्याच्या वतीने कोणी काही भरत नाही. म्हणजे मावशींनी प्रार्थना काय करायची, देवा माझी शेळी बिबट्यालाच नेऊ दे?

दिराने अजून एक सांगितलं ते ऐकून तर मी हसायलाच लागले. इंग्लंडमध्ये १८६५ सालीच कायदा झाला की कुत्र्याने कोणाची गुरं-मेंढ्या मारल्या तर मालकाने भरपाई द्यायची, कुत्रा आधीपासून तसा होता हे शेतकऱ्याने सिद्ध करत बसायची गरज नाही. आत्ता तिकडे १९७१ चा कायदा चालतो, त्यात कोंबड्या पण धरल्यात. आणि इकडे त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये आपल्याला काय दिलं तर कोंडवाड्याचा कायदा. त्यात गाय आहे, म्हैस आहे, शेळी, करडू आहे, गाढव आहे, उंट आहे, अहो हत्ती पण आहे! कुत्रा नाही. म्हणजे मावशींची शेळी आमच्या सोसायटीच्या लॉनवर शिरून शोभेची झाडं खाईल तर तिला कोंडवाड्यात टाकून मावशींकडून दंड घ्यायची सोय दीडशे वर्षांपासून आहे, आणि आमचा कुत्रा बाहेर जाऊन तीच शेळी मारून येईल तर जा बाई दावा लाव.

ग्रुपवर मी हे आज लिहिलं. वाढदिवसाच्या मेसेजखालीच लिहिलं, हो, मुद्दाम. लगेच ज्ञान सुरू. एक जण म्हणे भटक्या कुत्र्यांनी मारली असती तर कोणाला विचारलं असतं? अरे बाबा, भटक्या कुत्र्यांवर सुप्रीम कोर्टापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे भांडतायत, ते भांडण इथे कशाला आणतोस. ब्रूनो भटका नाही. त्याला महापालिकेचं लायसन्स आहे, केनेल क्लबचा कागद आहे, आधारकार्ड तेवढं काढायचं राहिलंय. एवढी मालकी कागदावर मिरवता, मग शेळी मेली की मालक कुठे गायब होतो?

दुसऱ्या एक मॅडम, सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही वगैरे. माहितीये मला. कोणी मागितलीये बंदी? पाळा ना, चार पाळा. मी तर असं पण म्हणत नाही की अमुक जातीचे कुत्रे वाईट. २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं, ते कर्नाटक हायकोर्टाने रद्द केलं, आणि बरंच झालं, कारण जात कुठलीही असो, पट्टा सोडणारा माणूसच असतो.

आणि मग खुद्द साहेब आले. काय लिहिलं असेल? 'शेळीचा विमा काढायला हवा होता, सरकारी योजना असतात.' मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. खरंच ठेवला, नाहीतर काहीतरी भलतं लिहिलं गेलं असतं. मग लिहिलं की साहेब, कुत्र्याचा पण विमा मिळतो, त्यात कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारं कव्हर पण घेता येतं, तुम्ही घेतलंय का? त्यावर निळी टिक आली, उत्तर नाही. नंतर कोणीतरी लिहिलं 'लेट्स नॉट स्पॉइल द मूड, इट वॉज जस्ट अ गोट'.

शेळीच तर होती.

शेळीच होती हो. वर्षातून एक-दोनदा विणारी, बहुतेक वेळा जुळी करडं देणारी. एक बोकड बकरी ईदच्या आधी गेला की पोरीची फी आणि पत्र्याची दुरुस्ती निघायची. गाभण शेळी आज बाजारात विचारा, दहा हजारांच्या आसपास बोली सुरू होते. आणि पोटातली करडं? ती कोण मोजणार? साहेबांनी दोन हजार ऑफर केले होते, पहिल्या आठवड्यात, तेही 'माणुसकी म्हणून'. माणुसकी कशाला मध्ये आणताय, नुकसान केलंय त्याचे पैसे आहेत ते. पार्किंगमध्ये कोणाच्या गाडीला ह्यांची गाडी घासली होती तेव्हा शोरूमचं कोटेशन मागून पूर्ण बिल भरलं होतं ह्यांनी, मला माहितीये. तिथे नाही म्हणाले माणुसकी.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी लिहितेय असं होईल. साहेबांच्या आई गावाहून आल्यात, साताऱ्याकडच्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. गौरीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले होते (जायची इच्छा नव्हती, पण गौरीला नाही म्हणवत नाही), तर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'त्या बाईची शेळी किती महिन्यांची गाभण होती गं?' मी म्हटलं चार झाले होते. त्या म्हणाल्या, 'अगं बाई, म्हणजे महिन्याभरात व्यायची.' मग गप्प बसल्या आणि लेकाला तिथेच सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'दे की रे तिचे पैसे, कशाला शिव्याशाप घेतोस.' साहेब हसले, हो हो आई. त्या घरात शेळी म्हणजे काय हे एकट्या त्यांनाच ठाऊक आहे, आणि त्यांचं घरात किती चालतं ते आपल्याला माहितीये.

तेव्हा मला साहेबांची पण थोडी दया आली, खोटं कशाला बोलू. माणूस वाईट नाही. सोसायटीत कोणाला रक्त लागलं तर पहिला धावतो. त्याला फक्त असं वाटतच नाही की त्याने काही केलंय. पोराने पट्टा सोडला, कुत्र्याने मारलं, शेळी मेली, ह्यात तो कुठेच नाही. पोराला कामावरून काढून टाकलं म्हणजे झाला न्याय, असं त्याचं. त्या पोराला काढलं पण, आता दुसरा पोरगा आहे, आणि परवा मी गॅलरीतून बघितलं, मागच्या गेटबाहेर पट्टा परत सुटलेला.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे मी आज कमिटीला मेल पण केलंय. मागच्या गेटबाहेर कुत्रा नेताना पट्टा हातात आणि तोंडाला जाळी, कोणाचाही असो. दुसऱ्याचं जनावर मेलं, जखमी झालं तर बाजारभावाने पूर्ण पैसे, गाभण असेल तर त्याचेही, आणि तेही महिन्याच्या आत, सणवार-पितृपक्ष न बघता. कुत्र्याची चूक की पोराची चूक ते तुमचं तुम्ही घरात ठरवा. सेक्रेटरी म्हणतात एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, घेऊ. घ्या.

बाकी दिराने नोटीस तयार करून ठेवलीये, पैसे नाही घेतले त्याने. पण नोटीस माझ्या नावाने जात नाही ना, शेळी माझी नाही. मावशींची सही लागते. संध्याकाळी कागद घेऊन पाड्यावर गेले. मावशींनी हात पुसून कागद घेतला, मुलीकडून वाचून घेतला, पूर्ण ऐकला. मग म्हणाल्या, 'ताई, साहेबांच्या वरच्या मजल्यावर दोन घरं हायेत माझी. एका घरातून काढलं ना की बाकीची पन काढतात.' मी म्हटलं मावशी, मी आहे. तर त्या हसल्याच. माझ्याकडे त्यांचं एकच काम आहे, त्यांच्या हिशोबात मी कितीशी पुरणार.

कागद त्यांनी परत नाही दिला. डब्यात ठेवलाय. दिवाळीचा बोनस हातात पडला की सही करते म्हणाल्या.