बॅगेला मोड नसते

परवा माझी भाची आली. ठाण्याला राहते, आयटीत आहे, पगार चांगला आहे. चहा होईपर्यंत काही बोलली नाही. मग फ्लॅनेलच्या पिशवीतून बॅग काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मावशी, निम्मेसुद्धा देत नाहीयेत गं."

दोन वर्षांपूर्वी हीच बॅग घेऊन ती किती आनंदात घरी आली होती. युरोपातल्या एका नावाजलेल्या ब्रँडची. किंमत ऐकून मी गप्प झाले, तेव्हा तीच म्हणाली होती, "हा खर्च नाहीये मावशी, इन्व्हेस्टमेंट आहे. या बॅगा सोन्यापेक्षा जास्त वाढतात." पैसे क्रेडिट कार्डावर, बारा हप्त्यांत. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बँकेत एकतीस वर्षं काढली मी, त्यातली नऊ सोनेतारणाच्या काउंटरवर. अडीनडीला कुठली वस्तू उपयोगी पडते हे मी रोज बघत होते, आणि घरच्या पोरीला सांगितलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

सोन्याच्या बाबतीत आपल्याकडे एक शब्द आहे, मोड, म्हणजे जुना दागिना मोडला की हातात येणारे पैसे. बाई पाटल्या घेऊन यायची. एक वाकलेली, एक झिजलेली, पावती सासूच्या काळातच हरवलेली. आमचा सराफ कसोटीवर घासायचा, वजन करायचा, लाख आणि खडे वजा करायचा आणि थोड्या वेळात आकडा सांगायचा. कुठल्या पेढीतून घेतल्या, डबी आहे का, किती लग्नांत घातल्या, असं कुणी विचारायचं नाही. घडणावळ बुडते, तूट जाते, पण धातू उरतो. पैठणीचंही तेच. जर खरी असली तर फाटक्या पैठणीचेही पैसे देणारे जरीवाले दारावर यायचे.

भाचीला रिसेलरने, म्हणजे वापरलेल्या बॅगा विकणाऱ्याने, विचारलेला पहिला प्रश्न होता, "फुल सेट आहे का?" म्हणजे खोका, कापडी पिशवी, कार्ड, मूळ बिल. खोका तिने जागा नाही म्हणून टाकून दिला होता, बिल सापडत नव्हतं. मग त्याने कोपरे बघितले, घासलेले. कडीवर ओरखडा. आतल्या अस्तराला वास. आणि मागच्या बाजूला दोन पावसाळ्यांची बुरशी, जी तिला स्वतःला तोवर दिसलीही नव्हती. प्रत्येक गोष्टीला किंमत उतरत गेली. वर पैसे लगेच नाहीत. बॅग त्याच्याकडे ठेवायची, गिऱ्हाईक मिळालं की कमिशन कापून उरलेले तिचे. ती बॅग चार लग्नांपलीकडे कुठे गेली नव्हती.

ज्या बॅगेच्या जोरावर ही सगळी 'इन्व्हेस्टमेंट'ची भाषा उभी आहे, ती म्हणजे एर्मेस या फ्रेंच कंपनीची बर्किन. तिची गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडतेही. १९८४ च्या सुमारास पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात अभिनेत्री आणि गायिका जेन बर्किन यांच्या टोपलीतलं सामान सांडलं. शेजारी बसले होते एर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्युमा. तान्ह्या मुलाच्या आईला सगळं सामान मावेल अशी चांगली बॅगच मिळत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर दोघांनी मिळून चित्र काढलं. एर्मेस मूळचं घोड्यांचं खोगीर-लगाम करणारं घराणं, १८३७ पासूनचं. आजही तिथे एक बॅग एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो, दोन सुयांनी मेणाच्या दोऱ्याची खोगीरशिवण घालत. पंधरा-वीस तास लागतात. त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे.

जेन बर्किन यांची स्वतःची पहिली बॅग १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सदबी या लिलावसंस्थेच्या लिलावात गेली. एकूण सुमारे ८६ लाख युरो. दुसऱ्या दिवशी भाचीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हीच बातमी फिरत होती, "बघा, म्हणूनच घ्यायची." पण त्या बातमीत दोन आकडे होते. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली झाली, ७० लाखांवर, आणि घेणाऱ्याला मोजावे लागले ८६ लाख. मधले सोळा लाख लिलावाचं शुल्क आणि कर. घेणाऱ्याला ती बॅग उद्या विकायची झाली तर निव्वळ मुद्दल परत यायला भाव किती वर जायला हवा, याचा हिशेब करून बघा.

आणखी एक आकडा आहे, १४.२ टक्क्यांचा. बर्किनची किंमत वर्षाला सरासरी एवढी वाढत आली, सोन्यापेक्षा आणि अमेरिकी शेअर बाजारापेक्षा जास्त, असं २०१६ मध्ये जाहीर झालं आणि आजही रील्समध्ये तोच आकडा फिरतो. तो काढला होता बॅगांच्याच ऑनलाइन विक्रीत असलेल्या एका कंपनीने. आमच्या बँकेत कर्ज मागणाऱ्यानेच आपल्या जमिनीचं मूल्यांकन करून आणलं असतं तर आम्ही त्याला दुसरा मूल्यांकनकार दिला असता. आणि तो आकडा बर्किनचा होता. भाचीच्या बॅगेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मुळात बर्किनचा नफा येतो कुठून? दुकानात जाऊन पैसे टाकले की ती मिळत नाही, यातून. आधी तुम्ही ओळखीचं गिऱ्हाईक व्हायचं, मग कधीतरी बोलावणं येणार. आधी स्कार्फ, चपला, दागिने घ्यायला लावून मगच बॅग दाखवतात, असा दावा करत काही ग्राहक २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात कोर्टात गेले होते. कोर्टाने २०२५ मध्ये तो फेटाळला, पण नंबर लागणं कठीण असतं ही गोष्ट कुणी नाकारत नाही. म्हणजे दुकानाच्या भावावरची जास्तीची किंमत त्या रांगेची आहे, आणि रांग किती लांब ठेवायची हे कंपनी ठरवते. ज्याला दुकानाच्या भावात मिळाली त्याला फायदा होऊ शकतो. आपल्यासारखी व्यक्ती जेव्हा रिसेलरकडून दीडपट-दुप्पट देऊन घेते, तेव्हा तो फायदा आधीच कुणीतरी खिशात घालून गेलेला असतो. २०२२ नंतर हा वरचा भाव उतरलाही. ज्यांनी ऐन तेजीत घेतल्या त्यांना ते जाणवलं असणार.

शनेलच्या साखळीवाल्या बॅगेबद्दलही हेच सांगतात. ती २०१९ मध्ये सहा हजार डॉलरच्या आत होती, २०२३ मध्ये दहा हजारांच्या वर गेली. दुकानातली किंमत वाढली हे खरंच आहे. पण कंपनीने आपल्या नव्या बॅगेची किंमत वाढवली म्हणून कपाटातल्या जुन्या बॅगेला कुणी तेवढेच पैसे द्यायला बांधील नसतं. नव्या गाडीची किंमत वाढली तेव्हा आपली जुनी गाडी त्याच हिशेबात विकली गेली का?

आणि आपली हवा. लाकडी दारं फुगतात, पापड सादळतात, तिथे चामड्याची काय कथा? हे चामडं पॅरिसच्या हवेत बरं राहतं, जुलैतल्या ठाण्यात त्याला श्वास हवा, सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसायला हवं. लुई वितांच्या कित्येक जुन्या बॅगांच्या आतलं अस्तर काही वर्षांनी चिकट होऊन सुटत जातं, जुन्या बॅगांच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. मगरीच्या कातडीची असेल तर देशाबाहेर नेता-आणताना वन्यजीव व्यापाराचा परवाना लागतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची एक बॅग केवळ आयात परवाना नाही म्हणून जप्त केली, ती नष्ट होणार हे ठरलेलं होतं. आपल्याकडे परदेशातून आणताना ड्युटीचा प्रश्न आहेच. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या बॅगेवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, घेतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण खरेदीची नोंद पॅनवर राहते.

एर्मेसवर इतका विश्वास असेल तर कंपनी १९९३ पासून शेअर बाजारात आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एलव्हीएमएचने, म्हणजे लुई वितांच्या मालक कंपनीने, तिच्यात हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा शेअर दोनशे युरोंच्या आत होता. एप्रिल २०२५ मध्ये तो दोन हजारांच्या वर होता आणि बाजारमूल्यात एर्मेस काही काळ एलव्हीएमएचच्याही पुढे गेली. शेअरला बुरशी लागत नाही, आणि कुणी फुल सेट मागत नाही. हा सल्ला म्हणून सांगत नाहीये, शेअरही पडतात. पैसा बॅगेपेक्षा बॅग बनवणाऱ्याने जास्त कमावला, एवढंच दाखवायचं आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझी भाची स्वतः कमावते. तिला सुंदर वस्तू हवीशी वाटली, तिने घेतली, यात कुणाला जाब देण्यासारखं काहीच नाही. आमच्या पिढीने हौस मारली, नवऱ्याला विचारून साडी घेतली. या मुलींना तशी वेळ नको. मग तिला आपल्या हौसेला 'इन्व्हेस्टमेंट' म्हणावंसं का वाटलं? कारण बाईने स्वतःवर केलेला खर्च अजूनही उधळपट्टी समजला जातो, आणि विकणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक आहे. ते तिच्या हातात एक कारण ठेवतात. त्या कारणापायी जी एसआयपी, म्हणजे दरमहाची गुंतवणूक, सुरू व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि बॅगही धड वापरली गेली नाही, किंमत उतरेल या भीतीने. हौस गेली आणि पुंजीही झाली नाही.

जेन बर्किन यांनी आपली बॅग वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली. तिच्यावर स्टिकर चिकटवले होते, पट्ट्याला नेलकटर लटकत असायचं. १९९४ मध्ये त्यांनी ती एड्सग्रस्तांच्या मदतनिधीसाठी देऊन टाकली.

भाचीला मी म्हटलं, "विकू नकोस. आता वापर, रोज वापर. आणि हप्ते संपलेत तर तेवढीच रक्कम दरमहा बाजूला टाकायला लाग." ती थोडी रडली, मग हसली. बॅग सध्या माझ्याकडे आहे, खिडकीजवळ सावलीत उघडी ठेवली आहे. मागची बुरशी मऊ कापडाने पुसली, पण डाग गेलेले नाहीत आणि घरगुती उपाय करायची मला भीती वाटते. दादर, ठाणे किंवा पुण्यात चामड्याचं नाजूक काम करणारा, विश्वासू कारागीर कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा. पावसाळ्याच्या आत करून घ्यायचं आहे.