गोळ्या बंद करायला सांगणारं चूर्ण

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मेथी, गुडमार, जांभळाच्या बिया आणि दारुहळद समभाग दळून रोज चमचाभर घ्या. 90 दिवसांत शुगर मुळापासून जाते, कोलेस्ट्रॉलही उतरतं, नैसर्गिक असल्याने अपाय नाही, गोळ्या बंद करा. रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत किती घरांत डायबेटीस आहे ते आपण जाणतोच, आणि ही चारही द्रव्यं सियागंजच्या बाजारात सहज मिळतात. म्हणून हे लिहितोय.

या वनस्पतींत काहीच गुण नाही, असं मुळीच नाही. मेथीचे दाणे रात्री भिजवले की सकाळी बुळबुळीत होतात. तो बुळबुळीतपणा विरघळणाऱ्या तंतूंचा, आणि त्यांच्यामुळेच जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रयोगांत रोज 25 ते 100 ग्रॅम मेथी जेवणातून दिली होती. चमचाभर चूर्णाचा चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम एक ग्रॅम! दाणे फेकून नुसतं पाणी पिणारे तर बहुतेक तंतू फेकूनच देतात.

गुडमारचं पान चावल्यावर साखर गोड लागत नाही, हा मेसेजमधला ‘पुरावा’. अनुभव खरा आहे. पानातली द्रव्यं जिभेला गोडाची चव थोडा वेळ कळू देत नाहीत. पोटात गेलेली साखर मात्र साखरच राहते.

दारुहळदीतलं बर्बेरिन हे द्रव्य या यादीतलं सर्वांत दमदार. चीनमधल्या छोट्या चाचण्यांत ते शुद्ध स्वरूपात, 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिल्यावर शुगर आणि एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) दोन्ही उतरले. चूर्णात ते किती, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. शिवाय औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या काही एन्झाइमांना ते अडवतं. किडनी बदललेल्या रुग्णाला नवी किडनी टिकावी म्हणून दिलेलं सायक्लोस्पोरिन हे औषध त्यामुळे रक्तात वाढतं. गरोदरपणात तर ते टाळायलाच सांगतात. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू असताना वरून हे चूर्ण घेतलं, तर शुगर एकदम पडू शकते: दरदरून घाम, हाताला कंप, भोवळ. मग ‘अपाय नाही’ कसं म्हणायचं?

‘डॉक्टर वनस्पती लपवतात’ असंही काही जण म्हणतात, तेही खरं नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळच गॅलेगा या युरोपीय वनस्पतीत आहे. पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरचा उपयोग 1957 मध्ये मांडला. त्याची मात्रा ठरलेली आहे, किडनी अधू असेल तर ती कमी करतात, आणि गोळी स्वस्त आहे.

‘मधुमेह बरा करतो’ अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला ती आठवत नाही.

टाइप 1 मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या मुलाचं इन्सुलिन या मेसेजपायी कुणी थांबवलं, तर 90 दिवस वाट पाहायला वेळच नसतो. काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. मोठ्यांनीही गोळी परस्पर सोडू नये. चूर्ण घ्यायचंच असेल तर पुडी डॉक्टरांना दाखवा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा. चूर्णाने आठवड्यातच शुगर धाडकन उतरली, तर आधी शंका घ्या: अशा ‘हर्बल’ पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड हे शुगर उतरवणारं औषध मिसळलेलं सापडलं आहे.