टाहो कॅलिफोर्नियात, टाहो नेवाडातही

लेक टाहोचं नाव निघालं आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कट्ट्यावर वाद पेटला. प्रश्न असा: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच शिक्षा झालेली, हातात रिस्ट्रिक्टेड, म्हणजे अटी घातलेलं, लायसन्स. हायवे 50 वर साउथ लेक टाहो संपलं की लगेच स्टेटलाइन, म्हणजे नेवाडा. पुढे गाडी न्यायची का?

"लायसन्स म्हणजे लायसन्स," अण्णा म्हणाले. "एका राज्याचं दुसऱ्यात चालतंच."

वकील वहिनींनी तिथेच अडवलं. "अण्णा, रिस्ट्रिक्टेड कुठलं ते आधी विचारा. दोन असतात. एक 12 महिन्यांचं: कामावर जा-ये, कामाच्या वेळेत, आणि डीयूआयच्या, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या, वर्गाला, बस्स. ते असेल तर टाहोची सहल फ्रीमाँट सोडतानाच गुन्हा, नेवाडा लांबच राहिला. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम 14601.2, पहिल्या खेपेला किमान 10 दिवस तुरुंग. दुसरं इंटरलॉकवालं, म्हणजे फुंकून दारू नाही हे दाखवल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्राच्या अटीचं, 6 महिन्यांचं. त्यात कुठेही जाता येतं, पण यंत्र बसवलेल्या गाडीतूनच."

"मग विमानाने वेगासला जाऊन भाड्याची गाडी घ्यायची!" अण्णा.

"तीच मोठी चूक. अट तुमच्या लायसन्सवर आहे, त्यामुळे भाड्याच्या गाडीतही यंत्र हवंच. सूट फक्त नोकरी देणाऱ्या मालकाच्या गाडीला, कामासाठी, तीही मालकाला कळवलेलं असेल आणि त्याचा कागद गाडीत असेल तर. धंद्यात स्वतःची भागीदारी असेल तर तीही नाही."

बापूंचा मुद्दा वेगळा होता, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "समजा, पकडलं होतं नेवाडात. मग नेवाडाने आपल्या हद्दीतला गाडी चालवायचा हक्क वेगळा काढून घेतलेला असू शकतो. कॅलिफोर्नियाचा कागद तिथे काय कामाचा?" बरोबर आहे. अशा वेळी दोन्ही राज्यांकडचं रेकॉर्ड वेगवेगळं मोकळं करावं लागतं. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर या देशभराच्या नोंदवहीत सविस्तर इतिहास नसतो, कुठल्या राज्याकडे बघायचं एवढंच असतं. पण लपायला जागा उरत नाही, एवढं त्याने भागतं. म्हणून निघण्याआधी नेवाडाच्या डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला, लेखी विचारावं, उत्तर छापून गाडीत ठेवावं. कोर्टाने प्रोबेशनमध्ये राज्याबाहेर जायला बंदी घातली आहे का, तेही आदेशात वाचावं.

यंत्राचं सगळं बापूंना तोंडपाठ. कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राचं माप तपासून घ्यायची, तारीख सहलीत येत असेल तर आधीच करून घ्यायचं. चुकलं तर गाडी लॉक, आणि डोंगरात सर्व्हिस सेंटर मिळेलच असं नाही. कडाक्याच्या थंडीत यंत्र तापायला वेळ लागतो. माउथवॉश किंवा ताज्या पावानेही तोंडातला अल्कोहोल दिसतो. पाण्याने चूळ भरून 15 मिनिटं थांबून फुंकावं. चालत्या गाडीत परत फुंकायला सांगितलं तर बाजूला घ्यायची. ती चाचणी चुकवली तरी नोंद होते.

"आणि एसआर-22, तो विमा असल्याचा विमा कंपनीने डीएमव्हीला दिलेला दाखला?" अण्णांनी विचारलं.

"तीन वर्षं," वहिनी म्हणाल्या. "मध्ये हप्ता थकून पॉलिसी पडली की कंपनी डीएमव्हीला कळवते, लायसन्स पुन्हा निलंबित. मग टाहो कुठलं, दूध आणायलाही जाता येणार नाही."

"एच-1बीवाल्यांचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचं काय?" कोणीतरी मागून विचारलं.

वहिनी गंभीर झाल्या. "नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो. सहसा इथे राहता येतं, पण भारतात गेलात तर परतायला नवा व्हिसा लागतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणीही. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा."