पहिलाच सिनेमा आहे, पण सांभाळून घेऊ नका

"पहिलाच सिनेमा आहे, बजेटही नव्हतं, त्या मानाने चांगला केलाय." नव्या दिग्दर्शकाचा छोटा सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा मनापासून राग येतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण एकदा 'त्या मानाने' म्हटलं की आपण सिनेमा बघायचं सोडून पाठ थोपटायला लागतो. ज्याने पदरमोड करून, मित्रांना गळ घालून, नोकरीतल्या रजा खर्ची घालून दीड तासाचा सिनेमा उभा केला, त्याला आपली सहानुभूती घेऊन काय करायचंय? त्याला नीट बघणारा माणूस हवा असतो.

असा विषय निघाला की 'पथेर पांचाली' हमखास निघतो. सत्यजित राय यांचा पहिला सिनेमा. १९५२ साली चित्रीकरण सुरू झालं, पैसे संपले, घरचे दागिने गहाण पडले, काम महिनोन् महिने बंद राहिलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे घातले आणि १९५५ साली तो पडद्यावर आला. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्याआधी एकही सिनेमा चित्रित केलेला नव्हता. हे सगळं खरं आहे, प्रेरणादायीही आहे. पण यातलं अवाक्षरही माहीत नसलेल्या प्रेक्षकाला तो सिनेमा तितकाच भिडतो. घरातली मुलगी दुर्गा वारल्यानंतर तिचा बाप हरिहर घरी परततो. त्याला काहीच ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक करून बायकोला, सर्वजयाला, दाखवत बसतो. दुर्गासाठी आणलेली साडी हातात आल्यावर तिचा बांध फुटतो, पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर येतो. त्या क्षणी सिनेमाचं बजेट किती होतं, हा प्रश्न कुणाच्या मनात येतो? हा निर्णय आहे आणि निर्णय कुठल्याच बजेटमध्ये विकत मिळत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका शब्दापाशी येतं. कमी पैशातला सिनेमा बघताना निर्णय बघावेत. पैसे असले की न घेतलेले निर्णय झाकता येतात. दृश्य जमत नसेल तर चार कोनांतून चित्रित करायचं, वर वाद्यवृंद चढवायचा, क्रेन मागवायची. पैसे नसले की कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शकाला आधीच ठरवावं लागतं, कारण तो हलवून पुन्हा प्रकाशयोजना करायला दिवस शिल्लक नसतो.

ख्रिस्तोफर नोलन यांचा पहिला सिनेमा 'फॉलोइंग' (१९९८) असाच झाला. सगळ्यांच्या नोकऱ्या, त्यामुळे चित्रीकरण शनिवारी, जवळजवळ वर्षभर. १६ मिमी कृष्णधवल फिल्म, प्रकाश बहुतेक जागेवर मिळेल तो. फिल्म महाग, म्हणून नाटकासारख्या तालमी केल्या, एक-दोन टेकमध्ये दृश्य व्हायलाच हवं. मला यातली तालमीची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आज डिजिटलमुळे वीस टेक घेतले तरी फिल्म जळत नाही, आणि त्यातून 'एडिटला बघू' ही सवय लागली आहे. एडिटला काही होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नट एकमेकांना पहिल्यांदा सेटवर भेटले असतील तर नवरा-बायकोचं बारा वर्षांचं अवघडलेपण कुठल्याही कटने उभं राहत नाही. तालमीला लागते ती जागा आणि माणसांचा वेळ, आणि छोट्या सिनेमाकडे मोठ्या सिनेमापेक्षा जास्त असं काही असेल तर ते हेच.

नुकताच एका नव्या दिग्दर्शिकेचा सिनेमा पाहिला. अजून प्रदर्शित व्हायचाय, म्हणून नाव लिहीत नाही. दोन भाऊ गेलेल्या आईचं कपाट आवरतायत. दहाएक मिनिटांचं दृश्य, कॅमेरा दाराच्या चौकटीत, आत शिरतच नाही. धाकटा चष्म्याची डबी उघडतो, बंद करतो आणि मोठ्याचं लक्ष नाही असं बघून स्वतःच्या खिशात टाकतो. मोठ्याने ते पाहिलंय हे आपल्याला त्याच्या पाठीवरून कळतं, त्याचे हात क्षणभर थांबतात म्हणून. क्लोज-अप नाही, संगीत नाही. दुसऱ्या कुणी तिथे डबीचा क्लोज-अप हमखास लावला असता. या मुलीने प्रेक्षकावर विश्वास टाकला, आणि नटांवरही. हे 'त्या मानाने' चांगलं नाही. हे चांगलंच आहे.

आता आवाजाबद्दल, कारण पहिल्या सिनेमांचा घात बहुतेक वेळा इथे होतो. चित्र थोडं दाणेदार असलं, अंधारं असलं तर प्रेक्षक पाच मिनिटांत सरावतो. संवाद नीट ऐकू आला नाही तर तो मनाने उठून जातो. तरी पैसे जातात भारी कॅमेऱ्याच्या भाड्यात आणि ड्रोनच्या दोन शॉटमध्ये, आणि साउंड रेकॉर्डिस्ट आयत्या वेळी शोधला जातो. मग लेपलवर, म्हणजे नटाच्या कपड्यांना लावलेल्या छोट्या माइकवर, कपड्याची खसखस येते, एका कटला मागे फ्रिज घुमतोय आणि पुढच्या कटला बंद. चांगला रेकॉर्डिस्ट दृश्य संपल्यावर सगळ्या युनिटला मिनिटभर गप्प उभं करतो आणि त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करून घेतो. तिला रूम टोन म्हणतात. संवादांमधल्या फटी संकलनात त्याच शांततेने बुजवायच्या असतात. घाईत हेच एक मिनिट कापलं जातं आणि पुढे अख्खा सिनेमा ठिगळं लावल्यासारखा ऐकू येतो. हौशी वाटतो तो त्यामुळे. यात गरिबीचा दोष नाही, प्राधान्यक्रमाचा आहे, आणि म्हणून तो मोकळेपणाने सांगायला हवा.

गाण्यांच्या हक्कांचंही तसंच. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' विद्यापीठातला प्रबंध-सिनेमा म्हणून १९७७ साली पूर्ण झाला. लेखन, छायाचित्रण, संकलन सगळं त्यांचंच. आज तो अमेरिकन सिनेमातल्या अव्वल कलाकृतींत मोजला जातो, पण वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्याने चित्रपटगृहांत रीतसर यायला २००७ साल उजाडलं. आवडतं गाणं 'तात्पुरतं' म्हणून संकलनात टाकून त्याच्या प्रेमात पडणाऱ्या प्रत्येकाने ही तीस वर्षं लक्षात ठेवावीत.

त्या दिग्दर्शिकेच्या सिनेमाबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. शेवटच्या वीस मिनिटांत तिचा स्वतःवरचा विश्वास डळमळला असावा. इतका वेळ शांत असलेल्या सिनेमात व्हायोलिन येतं आणि जातच नाही. नाकापेक्षा मोती जड. मोठा भाऊ जे पाठीने बोलला होता तेच आता तोंडाने, एका लांबलचक संवादात बोलतो. तो संवाद काढला तर काहीही बिघडत नाही, मनातल्या मनात काढून बघितलाय मी. खेळानंतरच्या चर्चेत सगळे तिचं कौतुकच करत होते, आणि ती वही उघडून बसली होती, त्यात काहीच लिहायला मिळत नव्हतं. मी व्हायोलिनचं आणि त्या संवादाचं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "नेमका कुठून काढू?" प्रदर्शनाला अजून वेळ आहे, संकलन अजून बदलता येतं. तुमच्यापैकी ज्यांनी तो त्या दिवशी पाहिला, त्यांनीही तिला जे खटकलं ते नेमकं लिहून पाठवा.