हाऊ मेनी आर लेफ्ट?

मागच्या आठवड्यात गावातल्या जि.प. शाळेत गेलतो, शाळा व्यवस्थापन समितीच्या रजिस्टरवर सही राहिली होती. दुसरीत गणित चालू होतं. आमच्याकडे सेमी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून. मॅडमनी वाचलं, फाइव्ह मँगोज, टू ईटन, हाऊ मेनी आर लेफ्ट? तर एका पोऱ्याने सरळ डावा हात वर केला. बरोबरच होतं की त्याचं, लेफ्ट-राइट आदल्याच दिवशी शिकवलेलं. मला हसू आलं, मॅडम नाही हसल्या. अहिराणीत म्हणल्या, "पाच आंबा व्हतात, दोन खाई टाकात, आते कितला उरनात?" तीन!! अख्खा वर्ग ओरडला. मग फळ्यावर एका ओळीत लिहिलं: उरनात, उरले, लेफ्ट.

वजाबाकी पोराला येतच होती हो.

आपण सगळे म्हणतो दोन भाषा, दोन भाषा. बालभारतीने पहिलीला मराठी-इंग्रजी एकत्र असलेली द्विभाषिक पुस्तकं काढली, चांगलंच केलं, पण पारोळ्या-अमळनेराकडच्या पोराला घरून अहिराणी येते, त्यामुळे त्याच्यासाठी हा हिशोब तीन भाषांचा आहे. तिकडे धडगाव-अक्कलकुव्याला पावरी, भिली, आणि शिक्षक बदली होऊन आलेला दुसऱ्याच जिल्ह्यातला, म्हणजे पहिले सहा महिने तोच विद्यार्थी! २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. घटनेतलं कलम ३५० क पण भाषिक अल्पसंख्याक पोरांना प्राथमिकला मातृभाषेतून शिकवायची सोय करा असंच सांगतं. पण हे करायचं कोणी, तर त्या एकाच मॅडमने, ज्यांच्याकडे दोन वर्ग आहेत, वर खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम.

आणि मॅडम स्वतः पूर्ण मराठीत शिकलेल्या, डी.एड. पण मराठीत. सेमी सुरू करताना त्यांना काय मिळालं तर दोन दिवसांचं ट्रेनिंग, त्यातला अर्धा दिवस उद्घाटन आणि चहात. (सत्कार राहिला, नाहीतर तीनच दिवस लागले असते.)

आपण पालक तरी काय करतो? इंग्रजी मीडियमची पिवळी गाडी दारात आली की पोरगं त्यात टाकतो, आणि जे जि.प.त राहिले त्यांच्या मॅडमला विचारतो, इंग्रजी बोलत का नाही. बहिणाबाईंची कविता लेवा बोलीतली, ती ऐकून माना डोलावतो, पण पोरगं वर्गात "मला" ऐवजी "माले" म्हणलं की अशुद्ध! मी पण घरी हेच टोकायचो, खोटं कशाला बोलू.

माझं म्हणणं एवढंच, सेमी वाढवायचं असेल तर आधी मास्तर-मॅडमला मोकळं करा. वर्षातून एकदा हॉलमध्ये कोंबून ट्रेनिंग देण्यापेक्षा कोणीतरी महिन्याला वर्गात येऊन बसा, शिकवून दाखवा. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्याला तिथल्या बोलीचे चारशे-पाचशे शब्द तरी हातात द्या.

आम्ही गावात छोटं काहीतरी चालू केलंय. शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक आजी येते, अहिराणीत गोष्ट सांगते, पोरं ती मराठीत सांगतात, आणि मॅडम त्यातले पाच-सहा शब्द इंग्रजीत देतात. तीन रकान्यांची वही केलीय, तिच्यावरून आजी आणि मॅडमचं भांडण पण होतं, कारण मॅडमच्या माहेरचा शब्द वेगळा आणि आमच्या गावचा वेगळा. सध्या दोन्ही लिहितात. वही भरत आलीय, बाजाराच्या दिवशी दुसरी घेऊन येतो, दोनशे पानी.