स्थायी समितीच्या अर्जाबाबतचा संदेश चुकीचा आहे

‘नगर परिषदेच्या स्थायी समितीवर नागरिकांची थेट नेमणूक होणार असून, आधारकार्डाची झेरॉक्स आणि ५०० रुपये भरून अर्ज करावा’ असा संदेश आपल्या मराठवाड्यातील गटांवर फिरत आहे. काल गल्लीतल्या किराणा दुकानदार काकांनी झेरॉक्स काढून गल्ल्यातही ठेवली होती, म्हणून हा खुलासा.

महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधील समित्यांविषयीच्या तरतुदी मी पुन्हा वाचल्या. अशा अर्जाची किंवा शुल्काची तरतूद त्यांत नाही. पैशाचे विषय हाताळणाऱ्या स्थायी समितीचे अध्यक्षपद नगराध्यक्षांकडे पदसिद्ध, म्हणजे पदामुळे आपोआप, असते, विषय समित्यांचे (पाणीपुरवठा, आरोग्य अशा एकेका विषयाच्या समित्यांचे) सभापती तिचे सदस्य असतात, आणि उरलेल्या जागा नगरसेवकांमधूनच, सभागृहातील पक्ष व गटांच्या संख्याबळानुसार, त्यासाठी बोलावलेल्या विशेष सभेत भरल्या जातात. लातूर, नांदेडसारख्या महानगरपालिकांचा कायदा वेगळा. तिथली स्थायी समिती १६ जणांची असते, पण तेही नगरसेवकच.

संदेश पुढे पाठवू नये, पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा, आणि आधारकार्डाची प्रत कोणालाही देऊ नये, ही कळकळीची विनंती.